खोक्यातला वारा

ता. ४ जून

चि. भोंगूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घराला रंग लावून झाला. भिंती छान दिसतात, आणि चांगली बातमी इथेच संपली. बाबांची जखम भरली, डॉक्टर खूश आहेत. पण स्वरयंत्रच काढल्यावर आवाज कुठून यायचा? गळ्याला श्वासासाठी पाडलेलं भोक मफलरखाली झाकून बसतात, मला हातही लावू देत नाहीत. पाटी आणून दिली, तर तिच्यावर ‘चहा’ आणि ‘नको’ याखेरीज काही उमटत नाही.

परवा मीच हौसेने तुझ्या गोष्टींची कॅसेट लावली. बसस्टँडवर गाड्या पुकारायची दुपारपाळी असली की तुला झोपताना ऐकायला म्हणून ते भरून ठेवायचे, ती. रंगासाठी काढलेले स्पीकर त्यांनीच पुन्हा जोडले होते. काय सांगू! आवाज पोकळ, पातळ, कुठून येतोय तेही कळेना. त्यांचं तोंड एवढंसं झालं. पाटीवर लिहिलं की माझा आवाज असाच होता, तुम्ही सगळे इतकी वर्षं माझं मन राखत होतात. आता कॅसेटी भंगारात द्यायच्या म्हणतात. मी कपाटाला कुलूप घालून किल्ली साखरेच्या डब्यात लपवली आहे. तू स्पीकरच्याच कारखान्यात आहेस. कॅसेट जुनी झाली की असं होतं का गं?

उत्तराला उशीर केलास तरी लोभ कमी न करणारी,
तुझी आई


ता. ९ जून

ती. आईस आणि पाटीआड लपलेल्या ती. बाबांस,
शि. सा. न.

कॅसेट ठणठणीत आहे. चुकलेत ते बाबा! एका खोक्याच्या दोन तारा उलट लागल्या आहेत.

जाळी काढून बघ, आत कागदाचा पडदा दिसेल. तो पुढे आला की हवा ढकलतो, मागे गेला की ओढतो. ही ढकलाढकली कानापर्यंत पोचते, तोच आवाज. दोन्ही खोक्यांनी एकदम ढकलायला हवं. तारा उलट असल्या की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि दोघांची मेहनत पाण्यात. बारीक आवाज कसेबसे निसटतात. जाड आवाजाला मात्र खूप हवा हलवावी लागते, तो मधल्या मध्ये मरतो. म्हणजे नेमके आपले बाबाच!

टॉर्चमधला सेल घ्या. खोक्याच्या तारा मशीनमधून सोडवून सेलच्या टोकांना क्षणभर टेकवा, लाल तार वरच्या टोकाला. ज्याचा पडदा मागे जाईल, त्याच्या तारा फिरवा.

आणि आई, खोक्याच्या तळाशी भोक आहे, त्यावर हात धरून बघ. आतली हवा तिथून आत-बाहेर करते, म्हणून एवढ्याशा खोक्यातून भरदार आवाज निघतो. कारखान्यात मी दिवसभर तीच भोकं मापून पाडते. बुजवलं तर आवाज कोता होतो, हे बाबांनाही सांग.

मला झोपवणारा आवाज भंगारात दिलात, तर येऊन असं भोकाड पसरीन की बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
भोंगू


ता. १६ जून

चि. भोंगूस,
अ. उ. आ.

आईने पाटी काढून घेतली आणि हातात पेन दिलं. पोरीला पुसून जाणारं काही चालणार नाही, म्हणाली.

सेल लावला. डावा पडदा पुढे, उजवा मागे. लाल तारेवर रंगाचे शिंतोडे उडाले होते, ते खरवडायचा मी कंटाळा केला होता. जन्मभर लोकांना बरोबर फलाटावर धाडलं आणि घरातल्या दोन तारा चुकीच्या जागी लावल्या. आई अजून हसते आहे.

मग कॅसेट लावली. गोष्टीतला राक्षस हसला आणि कपाटावरच्या कपबशा थरथरल्या. हा मी होतो, भोंगू! आई रडली, मीही रडलो. मी आवाज न करता रडतो, तेवढी एक सोय झाली आहे. किल्लीही मिळाली, चहात साखर घालताना.

आईने त्या भोकावर तळहात धरला. राक्षस बोलला की वारा लागतो, म्हणाली. बराच वेळ तशीच बसली होती. मला तुझं बुजवण्याबद्दलचं वाक्य आठवलं आणि मी मफलर काढला. एक हात खोक्यापाशी तसाच ठेवून तिने दुसरा माझ्या गळ्याशी आणला. म्हणाली, इथूनही येतोय.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
तुझा राक्षस