अपेक्षित मासिक उत्पन्न

१४ जून २००४
मेडिकल हुकलं. नाशिकच्याच एका खासगी कॉलेजात फिजिओथेरपीची सीट मिळते आहे. चार वर्षांची फी दोन लाख चाळीस हजार. घरात आहेत चौदा हजार, त्यातले नऊ माझ्या लग्नाचे. अप्पा म्हणाले, कर्ज काढू. मी म्हणाले, भावनेच्या भरात नको. आधी हिशेब, मग निर्णय. कर्जाच्या अर्जाची पोच कॉलेजला द्यायची शेवटची तारीख ३१ जुलै. मला आठवडा पुरे.

१७ जून
बँकेचा फॉर्म आणला. नऊ पानं. सहाव्या पानावर ‘शिक्षणानंतर अपेक्षित मासिक उत्पन्न’. खाली सही, की वरील माहिती खरी आहे. अप्पा म्हणाले, दहा हजार टाक आणि मोकळी हो. अप्पा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात. त्यांना आकडे छापायची सवय. मला नाही.
मामेबहीण स्नेहल याच कोर्सला जाते आहे. तिने पंधरा हजार लिहिले. कुठून आणले विचारलं, तर म्हणाली, दहा बरे दिसत नव्हते. कीव आली.

२० जून
दम्यामुळे तिसरीपर्यंत मला चंद्रभागा आत्यानेच घरी शिकवलं. पाढ्यांच्याही आधीचा धडा: उसनी आणलेली वाटी शीग लावून परत करायची. सपाट दिली तर ती चोरी.
व्याज मांडलं. वाटी दोन लाख चाळीस हजारांची, शीग सव्वा लाखाची. ही शीग आहे की सप्तशृंगीचा गड? खरं उत्पन्न कळल्याशिवाय सही नाही.

२३ जून
जेल रोडला गांगुर्डे मॅडमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. किती मिळवता, असं विचारणं असभ्य. म्हणून मान धरली असं सांगून गेले. हे खोटं नव्हे, सर्व्हे. बाकावर बसून डोकी मोजली. अकरा. मॅडमनी माझी मान वळवून पाहिली. दुर्दैवाने ती दोन्हीकडे छान वळली. तरी शेक दिला. साठ रुपये.

२९ जून
सरासरी साडेदहा पेशंट. पण आठवड्यावरून सरासरी काढणं बेजबाबदारपणा. महिना हवा.
केस पेपर काढणाऱ्या विमलाबाई म्हणाल्या, काय गं पोरी, एवढी तरणी मान अन् अजून धरलेलीच? कुणाला नाय म्हणायचंय का तुला?

८ जुलै
रात्री टोचणी लागली. बाकावर बसून फुकट माहिती घेणं ही उसनवारीच. शीग म्हणून विमलाबाईंचं रजिस्टर लिहून देते. त्यांना जवळचं दिसत नाही, पण चष्म्याचं नाव काढलं की चिडतात. मॅडमना माझं अक्षर आवडलं. फी अर्थात भरतेच. सर्व्हे योग्य मार्गावर.

१६ जुलै
नवी अडचण. पाऊस लागला की पेशंट घटतात. विमलाबाई म्हणतात, थंडीत बघ, सांधेवाल्यांना बसायला बाक पुरत नाय. म्हणजे एक डिसेंबर बघितल्याशिवाय आकडा खरा नाही.
अप्पांनी पालक म्हणून सही करून फॉर्म सहाव्या पानावर उघडा फ्रिजवर ठेवलाय. उडू नये म्हणून वर लिंबू. येता-जाता बघतात. आत्या मात्र बोललीच, अगं, आधी वाटी तर माग, शीग मग लाव! तिला शैक्षणिक कर्जातलं काही कळत नाही.

२५ जुलै
स्नेहलचं कर्ज मंजूर. पंधरा हजारांबद्दल कुणी विचारलंही नाही म्हणे. बँकेचा निष्काळजीपणा पाहून धक्का बसला. माझ्या सव्वीस फेऱ्यांचे पंधराशे साठ झाले. अभ्यासाला खर्च येतोच.

३० जुलै
मॅडमना सगळं सांगून टाकलं, मानेसकट. मॅडम म्हणाल्या, अगं वेडे, मान ठीक आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला वाटलं, घरी काही त्रास असेल, बसू दे बिचारीला. मग भाडं, लाइट, मशीनचा हप्ता वजा करून म्हणाल्या, सुरुवातीला दहा हजार धर.
म्हणजे अप्पांचाच आकडा. पण माझा पडताळलेला आहे.

३१ जुलै
दहा हजार लिहायला बसले, तर पान सहावर लिंबाचा डाग. असा फॉर्म देणं बरं दिसत नाही. नवा आणला, अप्पांची सही घेतली, नऊ पानं पुन्हा लिहिली. बारा वाजून वीस मिनिटांनी बँकेत पोचले. शटर खाली. शनिवारी अर्धा दिवस असतो. अप्पा सकाळी म्हणाले होते.
सोमवारी पहिला नंबर माझाच.

२ ऑगस्ट
बँकेतले साहेब म्हणाले, इतका स्वच्छ फॉर्म मी आजवर पाहिला नाही. पण ताई, प्रवेश आहे का अजून? तिथूनच कॉलेजला फोन लावला. सीट शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या कुणाला दिली.
अप्पांनी फ्रिजवरचं लिंबू घेतलं, सरबत केलं आणि अर्धं मला दिलं.

९ ऑगस्ट
मॅडमनी रजिस्टर लिहायला ठेवून घेतलं. महिना बाराशे. एका वर्षाचाच प्रश्न आहे. डिसेंबरही मोजता येईल, पुढच्या वर्षीचा आकडा बिनचूक असेल. स्नेहल पांढरा कोट घालून दाखवायला आली होती. बाह्या लांब आहेत.
दिवसभर वाकून लिहिल्याने मान खरंच धरली. आता कुठल्याच बाजूला वळत नाही. विमलाबाई म्हणाल्या, आता कशी खरी दुखती! मॅडमनी शेक घ्यायला सांगितला. स्टाफला अर्धी फी. केस पेपर मीच काढला.
आजचे पेशंट अकरा. मला धरून बारा.