बांधावरची चिंबोरी

बाबा, काल माझ्या हृदयाचा एमआरआय झाला. इतकी वर्षं दरवर्षीच्या इकोवर भागत होतं. या वेळी डॉक्टर म्हणाले, लहानपणच्या ऑपरेशनचं काम अजून चांगलं आहे, पण तिथली झडप गळते आहे. त्यामुळे उजवा कप्पा किती ताणला गेलाय ते इकोत नीट दिसत नाही. दुसरं ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं, ते एमआरआयवरून ठरणार होतं. नेरूळहून एकटीच गेले. आईला सांगितलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत ती जेवली नसती.

आपल्या गावाहून शाळेची वाट खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून होती. थोडं चाललं की माझे ओठ निळे पडायचे आणि मी असेन तिथे उकिडवी बसायचे. तसं बसलं की बरं वाटायचं. का, ते मला माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं. पोरं मला 'बसकी' म्हणायची. तू कंटेनर यार्डातली रात्रपाळी करून आलेला असायचास, तरी माझं दप्तर घेऊन सोबत यायचास, आणि मी बसले की माझ्या डाव्या बाजूला तसाच उकिडवा बसायचास. एकदा शेजारचे काका सायकलवरून जाताना ओरडले, "काय रं, बापलेक रोज काय शोदताव? सोना हरवलाय?"

"माजं काय नाय हरवलं," तू म्हणालास. "पोरीला चिंबोरी दाखवताय. तुला बगाची हाय तं तू पन बस."

मग मला हळूच म्हणायचास, "हलू नको गो. हललीस तं ती बिलात जाईल." मी हलायचे नाही. चिखलातून आधी खेकड्याची एक नांगी दिसायची, मग सगळी चिंबोरी. तोवर माझा श्वास परत आलेला असायचा.

ऑपरेशननंतर मी त्याच बांधावर पळायला लागले. एक सकाळ आठवते. आपल्या नेहमीच्या जागी तू सवयीने खाली बसलास आणि मी तशीच पुढे निघून गेले. मागे वळून बघते तर तू तिथेच, माझं दप्तर गुडघ्यांवर धरून.

"चल ना बाबा, उशीर होतोय!"

"तू हो पुढं. मी बगताय."

तू चिंबोरी बघत होतास की मला, ते मी कधी विचारलं नाही.

काल मशीनमध्ये ठकठक सुरू होती, आणि कानावरच्या हेडफोनमधून मशीन चालवणाऱ्या बाई सांगत होत्या, "श्वास सोडा. आता थांबा. अजिबात हलू नका, नाहीतर फोटो नीट येणार नाही." मी डोळे मिटून बांधावर जाऊन बसले. हलू नको गो. पुन्हा श्वास, पुन्हा थांबा. शेवटी बाई म्हणाल्या, "छान केलंत हां, सगळे फोटो स्वच्छ आलेत." मला वाटलं, हे तू ऐकायला हवं होतंस.

आज रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "आता थांबण्यात अर्थ नाही. नवीन झडप बसवावी लागेल. टेन्शन घेऊ नका. सोबत कोण आलंय? त्यांना आत बोलवा, मी समजावून सांगतो."

"वडील आहेत बाहेर," मी म्हणाले. "त्यांना मी सांगते."

तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की डॉक्टरांनी मान डोलावून फाईल माझ्या हातात दिली.

बाहेर खुर्च्या रिकाम्या होत्या. मी भिंतीपाशी उकिडवी बसले, डावीकडे थोडी जागा सोडून. फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. "काय हरवलं काय ताई?" तुझं उत्तर आठवलं. मी नुसती मान हलवली. त्या माझ्याभोवतीची तेवढी फरशी सोडून पुढे पुसत गेल्या.

डॉक्टरांना 'मी सांगते' म्हणाले होते, म्हणून हे लिहिलं. आईला उद्या सांगेन. हा कागद पाठवणार कुठे, फाईलमध्येच राहील. एकच सांगायचं राहिलं. तिथे भिंतीपाशी बसले तेव्हा मला दम लागला नव्हता, बाबा.