रूथ डोळे मिटत नाही

बुध. १२ नोव्हें., केडगाव
दृढीकरणाच्या यादीत रूथचं नाव दिलं. ३० तारखेला बिशपसाहेब येणार. विश्वास तिने स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा, आणि तिलाच विचारलं नव्हतं. मी चर्चच्या मंडळीचा पंच, संडेस्कूल माझ्याकडे, घरच्याच मुलीला काय विचारायचं! जेवताना सांगितलं तर म्हणाली, पप्पा, माझं अजून ठरलं नाही. सतरा वर्षांची. सुशीला माझ्याकडे बघत राहिली, मी वरणाकडे.

शुक्र. १४, रतनवाडी
शाळेत रजा टाकली. उद्या रतनगड. जंगलात चार शब्द देवाचे बोलू, पोरगी आपसूक वळेल, हा माझा डाव. सु.ने तो नगर सोडायच्या आतच ओळखला. म्हणाली, अहो, पोरीला फिरायला नेताय की वर्ग घ्यायला?

शनि. १५
फजिती झाली. खरी खरी लिहितो.
आमच्या घरची प्रार्थना गोल करून, हात धरून. आजोबांपासूनची रीत. जंगलात वाट फुटते तिथे थांबलो, वाट दाखव म्हणून प्रार्थना केली. लांबली. माझी लांबतेच. आमेन म्हणून सॅक उचलली आणि तोंड होतं तिकडे तरातरा निघालो. गोलात कोण कुठे फिरलंय, कुणाला कळतंय! रूथ म्हणाली, वाट उजवीकडे आहे, दगडावर बाण आहे. कधी पाहिलास? तर प्रार्थनेत. म्हणजे डोळे उघडे. माझा पारा चढला. म्हटलं, आधी देवाचं ऐकायला शीक.

दीड तास चाललो. पाणी संपत आलं, सु.चा गुडघा कुरकुरायला लागला. गुरं घेऊन एक बाई आल्या. "गडावं जायचं ना? मंग इकडं कशाला आले? ही वाट खिंडीची. फाट्यावं बाण हाय की."
रूथ काही बोलली नाही. 'सांगितलं होतं ना' एवढंसुद्धा नाही. माझ्या वर्गातल्या एकाही पोराने मला असं सोडलं नसतं. मम्मीची सॅक पोटावर, स्वतःची पाठीवर, आणि पुढे झाली. उतारावर मम्मीला हात दिला, मलाही. मी घेतला.
फाट्यावर येईतो दुपार टळली. गड राहिला. म्हटलं, चुकलो बाई. मग डोळे का मिटत नाहीस, तेही विचारलं, यावेळी न चिडता.
"मिटले की देवाच्या जागी तुमचाच आवाज येतो, पप्पा. म्हणून उघडे ठेवते."


रवि. १६, घरी
अंग आंबलंय. उपासनेत मन लागलं नाही. वाट मागितली होती, ती लगेच मिळाली होती, रूथच्या तोंडून. मीच ऐकली नाही. देव लेकरांकडून बोलतो, हे दरवर्षी पोरांना शिकवतो मी!
अभिमान वाटतोय. मला बरं वाटावं म्हणून खोटं 'होय' म्हणणं तिला सोपं होतं. म्हणाली नाही. ताईला फोन करून सगळं सांगितलं, फजितीसकट. ती हसली. मी तरी रूथचंच सांगत बसलो.

मंगळ. १८
पाळकसाहेबांना म्हटलं, नाव काढा. पंचाच्याच घरात असं झालं तर लोक बोलतील, म्हणाले. बोलू देत. पोरीचा विश्वास उडालाय का, त्यांनी विचारलं.
"नाही. शोधतेय. माझ्यापेक्षा नीट."
छाती फुगवून निघालो, ती गेटपर्यंत. मग भीती वाटली. रूथ कधीच पुढे आली नाही तर...

शनि. २९
उद्या बिशपसाहेब. पाळकसाहेबांचा निरोप, आयत्या वेळी आली तरी जागा आहे. रूथला तेवढंच सांगितलं. ती इस्त्री करत होती. बरं, म्हणाली. उद्या येणार आहे, मागच्या बाकावर बसेन म्हणाली. सु. मला खुणावत होती, विचारा, विचारा.
"पप्पा, तुमचाही शर्ट आणा."
आणून दिला. बाकी काही विचारलं नाही.