हिरव्या चहातला गूळ

कमलाकर,

आईला टांग्यात घालून मी सात रस्त्याच्या डॉक्टरांकडे चालले आहे. तू गिरणीतून येईपर्यंत थांबले नाही, कारण तू पुन्हा "आणखी आठ दिवस बघू की" म्हणाला असतास. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम आज काळी पडली आहे.

तुझ्या हिरव्या चहाशी माझं भांडण नाही. परवा मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, तरतरी येते, पोट हलकं राहतं, खुशाल पिऊ दे. पण मधुमेह त्यानं जात नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. रोज सुई टोचावी लागली तरी आता मी मागे हटणार नाही.

चूक माझीही आहे. पेला रिकामा होईपर्यंत तू तिच्यासमोर बसायचास आणि तिला ते कडू पाणी गिळवायचं नाही. म्हणून महिनाभर मी त्यात गुळाचा खडा विरघळवत होते. काढा कुणी नुसता देतं का, असं मला वाटायचं. तिला गूळ म्हणजे विष, हे परवा कळलं. आज डॉक्टरांना तेही सांगणार आहे.

भाकरी फडक्यात आहे, शेंगांची चटणी फळीवर. जेवून लगेच ये. येताना आईचं धुतलेलं लुगडं आण.

निघताना तिनं आपण होऊन तुझा चहा मागितला. आज मी गूळ घातला नाही. तरी तिनं तो संपवला आणि म्हणाली, "कमलाकरला सांग, सगळा प्याले."

अक्का