टेकवलेला ओटा

बाबा, काल मिस्त्री येऊन घर बघून गेला. भिंतींवर टकटक करून झाली, बाथरूममध्ये वाकून बघून झालं, आणि मग हॉलच्या मधोमध उभा राहून त्याने विचारलं, ताई, आधी कुठली खोली घ्यायची? राहत्या घरात काम काढायचं तर एका वेळी एकच खोली फोडता येते, एवढं मलाही कळतं. पण आख्ख्या ऑफिसला सल्ले देत फिरणारी मी, आणि स्वतःच्या तीन खोल्यांपुढे तोंडाला कुलूप. तुम्हाला विचारावं असं मनात आलं आणि हसू फुटलं. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे. कुठलीच नको म्हणाला असतात. चारकोपच्या या घरात रंगाचा डबा आणायचा म्हटलं तरी तुमच्या कपाळावर आठी यायची आणि ठरलेलं वाक्य यायचं, "आपल्याक काय हय कायम ऱ्हवाचा हा?"

काम का निघालं ते आधी सांगते. गणपतीनंतर एका सकाळी आई स्वयंपाकघरात उभी होती. गुडघ्यात कळ आली म्हणून तिने ओट्यावर हात टेकला, आणि ओट्याची कडप्पाची लादीच एका बाजूने उचलली गेली. कुकर घसरला, पाठोपाठ भाताचं पातेलं, आणि आई जमिनीवर बसलेली. लागलं नाही कुठे, देवाची कृपा, पण घाबरली खूप. मी अर्ध्या अंघोळीतून धावत आले तर मला म्हणते, आधी भात भर. संध्याकाळी धाकटा मुलुंडहून आला. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत, खाली वॉचमन आहे. तो ओरडला वगैरे नाही, तुमचा लेक आहे, आवाज खाली ठेवूनच बोलतो. म्हणाला, एकतर या घराचं नीट काहीतरी कर, नाहीतर आईला मी नेतो. चुकीचं काय बोलला सांगा. आई मात्र भिंतीकडे तोंड करून बसली आणि एकदाच बोलली, "मी खय जावचंय नाय. ह्या माझा घर."

बाबा, तुम्ही या जागेला जन्मात कधी घर म्हणाला नाहीत. घर गावाला, इथे खोली. सरकारी यादीत नंबर लागून मोकळी जागा मिळाली, तुम्ही स्वतः उभं राहून भिंती उभ्या केल्यात, आम्ही दोघं इथे रांगलो नसलो तरी इथेच मोठे झालो, तरीही कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, चारकोपला खोली आहे. मिल बंद पडली आणि तुम्ही इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागलात, तेव्हाही बोलणं तेच होतं, आणखी चार वर्षं काढू आणि जाऊ. शेजारपाजारच्यांनी वर माळे चढवले, गॅलऱ्या काढल्या, दारात ग्रॅनाइट लावलं. आपलं घर त्या सगळ्यांच्या मधे बसकण मारून राहिलं. मला लाज वाटायची तेव्हा, खरंच वाटायची. मैत्रिणींना मी गल्लीच्या तोंडाशीच भेटायचे.

तर आधी कुठली खोली? धाकट्याचं मत आतली खोली. ती आईची. तिथे काम काढलं म्हणजे आई आपोआप महिनाभर मुलुंडला जाईल, आणि एकदा गेली की रुळेल, असा त्याचा सरळ हिशोब आहे आणि तो तिलाही बरोब्बर कळलेला आहे. म्हणून ती आतल्या खोलीचं नावही काढू देत नाही. माझं मत बाथरूम, कारण तिथल्या लाद्या शेवाळ धरल्यासारख्या झाल्यात. धाकट्याची बायको म्हणते हॉल, येणाऱ्याजाणाऱ्याला तोच दिसतो. आई म्हणते, काहीच नको, मी काय आता नाचणार आहे का घरात. चार माणसं, चार तोंडं. दोन रविवार नुसत्या चर्चेत गेले आणि चहा मात्र भरपूर झाला.

काल मिस्त्रीने ओट्याखालचा पडदा बाजूला केला. आत बघितलं, एक वीट हाताने काढून बाहेर आणली आणि मला दाखवली. मला वाटत होतं की जुनं झालं म्हणून सिमेंट सुटलं असेल. वीट अगदी स्वच्छ होती, एका बाजूलाही सिमेंटचा डाग नाही. तो म्हणाला, "ताई, हा ओटा सुटलेला नाही. हा कधी बसवलेलाच नाही, नुसता टेकवलाय."  मग मलाच चेव चढला आणि मी त्याच्याबरोबर घरभर हिंडले. मांडण्या नटबोल्टवर. फळ्या हुकांना अडकवलेल्या. आतल्या खोलीतलं कपाट भिंतीत नाही, भिंतीला टेकून. देवघर दोन खिळ्यांवर, कधीही उचलून पिशवीत घालता येईल असं. मिलमध्ये मोठमोठी यंत्रं बसवणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात एक वस्तू कायमची बसवली नाहीत तुम्ही. कुठल्याही दिवशी संसार सोडवून गाडीत घालायचा आणि निघायचं, अशी तयारी. मला रागही आला आणि कौतुकही वाटलं, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला विचारू नका.

एक वस्तू मात्र हलेना. आतल्या खोलीत खिडकीखाली कडप्पाचा तुकडा आहे ना, ज्यावर मी दहावीचा अभ्यास केला, तो. मिस्त्रीने जोर लावला, मी लावला, ढिम्म. भिंतीत खाच काढून, सिमेंट भरून, पक्का. इतकी वर्षं मी त्यावर वह्या ठेवल्या, नंतर आईची औषधं ठेवली, आता ती तिथे भाजी निवडते, पण हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बाबा, मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघा, आख्ख्या घरात या माणसाने एकच गोष्ट कायमची केली, आणि ती माझ्यासाठी. डोळ्यांत पाणी आलं, मिस्त्रीसमोर. आईला जाऊन सांगितलं तर तिने पालकाची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून चौथीत आहे. "तेंनी नाय गो," ती म्हणाली. "तो मी बसवून घेतलंय."

मग तिने सांगितलं. तुम्ही आधी तो तुकडाही विटांवरच टेकवला होता. मी लिहायला बसले की डुगडुगायचा, चहा सांडायचा, मी चिडायचे. हे मला आता आठवतंय, वहीवरचे चहाचे डाग सुद्धा. त्या वर्षी गणपतीला तुम्ही धाकट्याला घेऊन गावी गेलात आणि माझ्या दहावीपायी आई मागे राहिली. शेजारी माळा चढत होता. आई तिथल्या गवंड्याकडे गेली आणि उरलेला माल मागितला. संध्याकाळी तो येऊन भिंत खोदून तुकडा बसवून गेला. नवऱ्याला न विचारता घराची भिंत फोडली, म्हणून तुम्ही येईपर्यंत तिला धड झोप नव्हती. तुम्ही आलात. पिशवी खाली ठेवलीत, पेढे दिलेत, आणि आतल्या खोलीत गेलात. आई दारात उभी. तुम्ही कडप्पावर हात ठेवलात, दाबून बघितलंत, पुन्हा दाबलंत.  जेवलात, झोपलात, दुसऱ्या दिवशीही गप्प. आणि तिसऱ्या दिवशी वर्कशॉपातून येताना ट्यूबलाइट घेऊन आलात आणि त्या कडप्पाच्या बरोबर वर लावलीत.

ती ट्यूब मला आठवते. तुम्ही स्टुलावर उभे, तोंडात स्क्रू, आणि मी खालून विचारतेय, बाबा, एवढा उजेड कशाला? तुम्ही तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणता आणि बटण दाबायला सांगता. मला तेव्हा काय माहीत की त्या खोलीत काय होऊन गेलंय. आता मला राहून राहून एकच प्रश्न पडतो. दाबून बघितलंत तेव्हा तुम्हाला काय कळलं? आता आपण जाणार नाही, हे तिथेच कळलं का? की ट्यूब काय, दोन स्क्रू काढले की सुटते, असं मनाशी म्हणालात? रागावला होतात की सुटल्यासारखं वाटलं? आईला विचारलं तर म्हणते, तेंका ठाव. एवढी वर्षं एका पंगतीला जेवून तिने तुम्हाला हे विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. कमाल आहे तुम्हा दोघांची. शेवटी तुम्ही गेलात ते इथूनच, त्याच खोलीतून, आणि गावी जायची पिशवी दारामागे तशीच लटकत होती.

आणि मग काल संध्याकाळी आई पोळ्या करत होती तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. उजव्या हाताने पोळी उलटते आणि डावा हात भिंतीवर. तिथे रंगावर तिच्या पंजाएवढा तेलकट काळा डाग आहे. त्या डागावरून मी तिला किती बोललेय, आई, भिंत कशाला खराब करतेस, ओट्याला धर ना. ती पुन्हा तिथेच हात ठेवायची. ओट्याला कशी धरणार? तो टेकवलेला आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जन्मभर तिने त्या ओट्यावर स्वयंपाक केला आणि एकदाही त्याच्यावर भार टाकला नाही. त्या सकाळी गुडघ्याने दगा दिला तेव्हा पहिल्यांदा टाकला. बाबा, मी तुमच्यावर खूप प्रेम करते, पण काल मला तुमचा संताप आला. गावाला तुम्हाला जायचं होतं. तोल तिने सांभाळला.

म्हणून मिस्त्रीला फोन करून सांगितलं, आधी स्वयंपाकघर. ओटा बांधून काढायचा, पक्का, आईच्या उंचीचा, धरायला पुढे कड ठेवून. धाकट्यालाही सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, काम चालू आहे तोवर दोन्ही वेळचा डबा मी पाठवतो. म्हणजे आई इथेच. आईला सांगितलं तर म्हणाली, भिंतीवरचा डाग पण घालवून घे मग. आतली खोली शेवटी घेऊ. घेऊच असंही नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? जिथे तिथे कायमचा पत्ता म्हणून तुम्ही गावचा लिहायचात, आणि तिथे दाराला कुलूप आहे. इथल्या पत्त्यावर टाकलं तर उघडणार मीच. तेव्हा राहू दे माझ्याचकडे. एक सांगायचं राहिलं. ओट्याच्या टोकाला माठाखाली कडप्पाचा वेगळा छोटा तुकडा आहे, तुमच्या विटांवर. तिथे कोणी हात टेकत नाही. मिस्त्री म्हणाला, तोही बसवून देतो, ताई. मी नको म्हटलं, तो तसाच सुटा राहू दे. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलंच तर म्हणणार आहे, बाबांचं अजून ठरलेलं नाही.