पाठीमागची चेन

प्रिय धाकट्या,

तुझी मापं मिळाली. छाती, कंबर, बाही, सगळं नीट लिहिलंयस. लग्नाचा कोट ताईच्याच हातचा हवा, हे मी दुकानातल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाल्या, नशीबवान आहात हो. पुढचं वाचलं नाही. पुढे तू लिहिलंयस की दादाला फोटोपुरतं आण, संस्थेतला सूट अंगात राहू दे, वरून कोट चढवला की सासरच्यांना कळणार नाही, आणि लग्नानंतर त्याला तिथेच कायमचं ठेवून टाकू. ठेवून टाकू! घरातलं जुनं कपाट असल्यासारखं. तेव्हा आधी दादाचं लिहिते, मग कोटाचं बघू.

दादा दिव्यांगांच्या कार्यशाळेत पुठ्ठ्याची खोकी जुळवायचा, तेव्हाची गोष्ट. सगळ्यांसमोर पँट सोडायला लागला होता. समोर बसणारी मुलगी घाबरून रडत घरी गेली, आणि त्यात त्या बिचारीचं काहीच चुकलं नाही. पण तू लगेच निकाल लावून मोकळा झालास, याच्या डोक्यात घाण शिरलीय म्हणून. डॉक्टरला अर्धंमुर्धं सांगून गोळ्या आणल्यास. तो ताटावरच पेंगायचा, लाळ गळायची, आणि तू तोंड वर करून म्हणायचास, बघ, गुण आला.

कार्यशाळेच्या समुपदेशक बाई तुला आठवत असतील. त्यांना तू नाकाने कांदे सोलणारी म्हणायचास. तुला नको असलेले प्रश्न त्यांनीच विचारले. पँट सोडायच्या आधी काय होतं? नंतर काय होतं? घरी करतो का? घरी त्याने कधीच केलं नव्हतं. मग बाई तिथे कोपऱ्यात बसून राहिल्या. खोक्यांना पिना मारायचं मोठं मशीन सुरू झालं की दादा कान झाकायचा, दाराकडे बघायचा, मग हात बटणाकडे जायचा. मुलीकडे नजरसुद्धा नाही. पहिल्यांदा कधीतरी खाज सुटली म्हणून पँट सोडली असेल, तर सुपरवायझरने आरडाओरडा करून लगेच घरी पाठवलं. झालं! बोलता न येणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडलं. मला घरी जायचंय, एवढंच ते वाक्य. आणि सगळं जग ते ताबडतोब ऐकत होतं.

बाईंनी त्याला मशीनपासून लांब बसवलं, आणि दुसरी खूण शिकवली. घरी जायचं असलं की डोक्यावर हात ठेवायचा. ठेवला की त्याला लगेच बाहेर न्यायचं. किती पटकन शिकला रे! पँट सोडणं थांबलं, ती मुलगीही पुन्हा समोर बसायला लागली. मी तुला हे फोनवर सांगत होते तर तू घाईत होतास. तुझं लग्न ठरत होतं. बाबांच्या मागे पालक म्हणून नाव तुझं लागलेलं, सही तुझी. मी नुसती बहीण. लग्न होईपर्यंत म्हणून त्याला संस्थेत ठेवलंस, तेव्हा जुनी तक्रार तेवढी सांगितलीस, खूण सांगितली नाहीस.

त्या तक्रारीवर संस्थेने उपाय काढला, सूट. शर्ट-पँट एकच, चेन पाठीला, वर मानेपाशी हुक, म्हणजे स्वतःचा स्वतःला निघायला नको. शिवला मीच. कापड तू पाठवलंस, दुहेरी शिलाई घाल असंही बजावलंस. मी शिवलाय म्हणून दादा तो सगळ्यांना कौतुकाने दाखवतो, कॉलर ओढून ओढून.

रविवारी जाऊन आले. लघवीला जायचं तर मदतनीस येईपर्यंत थांबायचं. मदतनीस चहाला गेलेला. दादा भिंतीला चिकटून उभा, सूट ओला, आणि शेजारचे हसतायत. मला बघून त्याने डोक्यावर हात ठेवला. डोक्यावर केस नव्हते. विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, सारखा डोक्याला हात लावतो, उवा झाल्या असतील म्हणून केस भादरून टाकले. मी खूण समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, बरं बरं. मी निघाले तेव्हा तो तसाच उभा होता, गुळगुळीत डोक्यावर दोन्ही हात. एकाने काम होत नाही असं वाटलं असेल त्याला. माझ्या अंगाची नुसती आग झाली, तुझ्यामुळे.

आता कोटाचं. सोबतचं पार्सल उघडशील तर त्यात कोट नाही. तू पाठवलेल्या मापाने, तू पाठवलेल्या त्याच कापडाचा सूट आहे. दुहेरी शिलाई, चेन मागे. एक दिवस घाल. होणाऱ्या बायकोला चेन लावायला सांग, हुक अडकवायला सांग, आणि तिला चहाला पाठव. पोटात कळ आली की बोलायचं नाही हं. डोक्यावर हात ठेवून उभा राहा आणि बघ कुणाला कळतं. पार्सलच्या तळाशी दादाला घरी सोडायचा कागद आहे. त्यावर सही करून पाठव. मी बाकी सगळं बघते, माझ्या शिलाई मशीनशेजारी त्याची खाटही लावलीय, त्या आवाजाला तो घाबरत नाही. तुझ्या कोटाचं कापड घेऊन ठेवलंय, रंग तुला शोभेल. सही आली की कापायला घेते.

तुझीच,
ताई