खोल्यांना चारा लागत नाही

४ ऑगस्ट, सकाळ
आजपासून आपण इन्व्हेस्टर. रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात म्हणे.
गंगाखेडात गोपाळशेठच्या तीन खोल्या वर्षाच्या करारानं घेतल्या. भाडं एकदम मोजलं म्हणून स्वस्तात. आता पोलीस भरतीच्या पोरांना महिन्यानं द्यायच्या, वरचा फरक आपला. मोबाईलवरचे सर सांगतात, पैसा दुसऱ्याचा, डोकं आपलं.
दुसरा म्हणजे चांगुणा आत्या. मला वाढवलं तिनंच. तिनं म्हैस विकली.

४ ऑगस्ट, दुपार
‘विकली’ वाचून कसंतरी वाटलं. म्हैस कन्व्हर्ट केली. आत्याला मीच समजावलं की चंद्री चारा खाती, आटती, आजारी पडती. खोल्यांना चारा लागत नाही. दुधाचे येतात तेवढे पैसे दर महिन्याला घरपोच. आत्या म्हणली, तू म्हणतूस तर खरंच आसल.
आमच्या ताडकळसच्या बाजारात जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं, म्हणून ते गुंडाळून तिनं पिशवीत टाकलं. मागं वळून बघितलं नाही. चंद्रीनं बघितलं. माझ्याकडं.

९ ऑगस्ट
अकराला पोरं खोली बघायला येणार. वेळेत निघालो. तेवढ्यात कुणाच्या तरी स्टेटसला येलदरी धरणाचे दरवाजे उघडलेले दिसले. रस्ता थोडा उलटा पडतो. पण असं पाणी रोज रोज दिसत नाही. तिथं तळलेले मासे खाल्ले. लय भारी.
पोरांचा फोन आला. साईट व्हिजिटला आहे म्हणून सांगितलं. त्यांनी दुसरीकडं खोली घेतली. जाऊ द्या. घाईची गिऱ्हाइकं टिकत नाहीत.
मासे खाताना आत्या आठवली. एकदाच.

२२ ऑगस्ट, अमावस्या
खोल्या फुल्ल!
भावकीतले आश्रुबा काका सगळा गोतावळा घेऊन गोदावरीच्या अंघोळीला आले. म्हणले, हरिओम, तुझ्या खोल्या म्हंजी आपल्याच की! एकच रात काढतो. सुलाबाई काकूंनी तर चूल मांडूनच विचारलं, मांडू का म्हणून. भाड्याचं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात काकूंनी भाकरी वाढली. ज्यांचं खातोय त्यांना भाडं कसं मागणार?
जाताना काकांनी डोक्यावर हात ठेवला. नाव काढलंस म्हणले.
आत्याचा फोन. भाडेकरू आले का? तिन्ही खोल्या भरल्यात म्हणलो. यात खोटं काहीच नाही.

८ सप्टेंबर
भरतीची दोन पोरं आली. खोली पसंत. एकानं खिशात हातसुद्धा घातला. तेवढ्यात दारात जीप. गावाकडच्या बजरंगच्या आजीचा दहावा गंगेवर करून सगळी मंडळी आली, ताजी मुंडणं केलेली. बजरंग म्हणला, जेवण इथंच उरकतो गड्या, दुसरं कोण हाय आमाला इथं?
पोरं मागं सरकली. एक म्हणला, दहाव्याची रूम नको भाऊ, आमची भरती हाय.
मला वाढायला उभं केलं. वाढलं. दुःखात माणसाला पावती कशी फाडावी? सर याबद्दल काहीच सांगत नाहीत.

९ सप्टेंबर
आता कडक व्हायचं. बोर्ड रंगवला: ‘पाहुण्यांनाही भाडं पडेल.’ लावायला गेलो तर आत बजरंगचे मामा झोपलेले. वाईट वाटलं असतं त्यांना. बोर्ड लावला. अक्षरं भिंतीकडं.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
निम्मं ताडकळस माझ्या खोल्यांत. मी मोटारसायकलवर झोपलो. गोपाळशेठ म्हणले, धर्मशाळाच काढायची होती तर बोलायचं, देणगी दिली असती. लाईटबिल मात्र तुमचं हां.
चारा लागतोय म्हणायचा.

१४ ऑक्टोबर
गावी गेलो. आत्यानं काळा चहा दिला. म्हणली, पित्ताला बरा असतोय. पैशाचं तिनं काढलं नाही. मीच म्हणलो, बँकेत जरा अडकलेत. ती म्हणली, अडकले तर सुटतील. वर मलाच जेवायला वाढलं.
गोठा झाडून ठेवलेला. शेण नाही, माशी नाही. आता कशाला झाडती ही?
उद्या सगळं खरं सांगणार.

१५ ऑक्टोबर
आत्या कापूस वेचायला गेली होती. या वयात. ती यायच्या आत निघालो, ट्रॅफिक लागलं असतं. फोनवर सांगतो.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
फोन केला नव्हता. आत्याच आली, कार्तिकाच्या अंघोळीला. चंद्रीच्या दाव्यानं बांधलेलं गाठोडं. नेमकं आज दुसरं कुणीच नाही. तिन्ही खोल्या उघड्या, रिकाम्या.
सगळ्या फिरून बघितल्या. भिंतीकडं तोंड केलेला बोर्ड उलटला. शिकलेली नाही, म्हणून मलाच वाचायला लावला. वाचला. भाडेकरू कुठंयत विचारेल म्हणून मी तयारी केली होती. सुट्टीवर गेलेत म्हणणार होतो.
तिनं कमरेची पिशवी सोडली, कापसाच्या मजुरीतली शंभराची नोट काढली आणि माझ्या हातात दिली. नको नको म्हणलो. तर म्हणली, लिवलंय ना तूच? मग घी. कुनीतरी सुरुवात कराया पायजे का न्हाई?
पहिलं भाडं आलं.
त्यातून दुधाची पिशवी आणली. चहा केला, नुसत्या दुधाचा. आत्यानं एक घोट घेतला. कुणाच्या म्हशीचं रे, म्हणली.
पिशवीचं, म्हणलो.
बरं हाय, म्हणली. बशीतला उरलेला माझ्याकडं सरकवला.
मी प्यायलो.